ऊती अभियांत्रिकी आणि इस्लामी नीतिशास्त्र

ऊती अभियांत्रिकी आणि इस्लामी नीतिशास्त्र हा जैववैद्यकीय संशोधन व इस्लामी विधिशास्त्र (फिक्ह) यांना जोडणारा विषय आहे. ऊती अभियांत्रिकीत जिवंत पेशी एका आधारजालावर वाढवून त्वचा, कूर्चा, अस्थी यांसारख्या ऊती तयार केल्या जातात. इस्लामी विधिज्ञ या तंत्राचा विचार जीवरक्षण, मानवी देहाची प्रतिष्ठा आणि निकड (जरूरा) या तत्त्वांच्या आधारे करतात. पेशी कोठून आल्या आणि आधारजाल कशाचे आहे, हे त्यातील दोन कळीचे प्रश्न आहेत.

पूर्वपीठिका

मोडलेले हाड दुसऱ्या हाडाने सांधण्याची चर्चा मध्ययुगीन ग्रंथांत आढळते. शाफिई विधिज्ञ इमाम नववी (मृत्यू १२७७) यांच्या मते शुद्ध हाड उपलब्ध नसल्यास अशुद्ध हाड वापरणारा क्षम्य ठरतो. सतराव्या शतकात संकलित झालेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’ या हनफी ग्रंथात प्राण्यांच्या हाडांनी उपचार करण्यास मुभा आहे. मात्र डुकराचे आणि माणसाचे हाड त्यातून वगळले आहे. भारतातील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी, तर कोकणी मुस्लिम परंपरेने शाफिई आहेत. त्यामुळे सिंधुदुर्गासह कोकणपट्टीत या दोन्ही परंपरांचा संदर्भ लागतो.

आधुनिक काळात जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये अवयव प्रत्यारोपणास सशर्त मान्यता दिली. भारतातील इस्लामिक फिक्ह अकादमीने १९८९ मध्ये स्वतःच्या शरीराचा भाग त्याच शरीरात अन्यत्र बसवणे वैध मानले. मरणोत्तर अवयवदानाबाबत मात्र तिची भूमिका प्रतिकूल राहिली. रुग्णाच्याच पेशींपासून ऊती वाढवल्यास दात्याच्या देहाचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणूनच अवयवदानाबाबत मतभेद असणाऱ्या या दोन्ही संस्थांच्या चौकटीत असा उपचार बसू शकतो.

पेशींचा स्रोत

मक्केतील इस्लामी फिक्ह परिषदेने २००३ मध्ये प्रौढ व्यक्ती, वार, नाळेतील रक्त, आपोआप झालेला गर्भपात आणि वंध्यत्वोपचारात उरलेले दान केलेले भ्रूण यांपासून मूलपेशी घेण्यास अनुमती दिली. हेतुपुरस्सर केलेला गर्भपात, संशोधनासाठी मुद्दाम घडवलेला भ्रूण आणि उपचारात्मक क्लोनिंग हे मार्ग तिने निषिद्ध ठरवले. गर्भात आत्म्याचा प्रवेश १२० दिवसांनी होतो, असे अनेक विधिज्ञ मानतात. काही ही मुदत ४० दिवसांची धरतात. मक्केच्या निर्णयात मात्र भ्रूणाच्या वयाइतकेच त्याच्या निर्मितीमागील हेतूलाही महत्त्व आहे.

आधारजालाचा प्रश्न

काही आधारजाले डुकराच्या ऊतींमधील पेशी काढून बनवतात, तर पेशी वाढवण्यासाठी गाईच्या गर्भाच्या रक्तातील द्रव सर्रास वापरला जातो. इस्लाममध्ये वराहमांस आणि वाहते रक्त निषिद्ध आहे. पदार्थाचे मूळ स्वरूप पूर्णपणे पालटल्यास तो शुद्ध होतो, या ‘इस्तिहाला’ तत्त्वाच्या आधारे कुवेतमधील १९९५ च्या चर्चासत्राने अशुद्ध प्राण्यापासून बनलेले जिलेटिन ग्राह्य मानले. इतर विधिज्ञांना ते मान्य नाही. पेशी काढलेल्या आधारजालात मूळ कोलॅजन टिकून राहते. त्यामुळे तेथे हे तत्त्व लागू करणे अधिक कठीण असून युक्तिवाद निकडीवर येऊन ठेपतो. निकड सिद्ध होण्यासाठी शुद्ध पर्याय उपलब्ध नसावा लागतो.

भारतीय कायदा आणि सद्यस्थिती

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ हा ४ फेब्रुवारी १९९५ रोजी महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशात लागू झाला. २०११ च्या दुरुस्तीने त्याच्या कक्षेत ऊतीही आल्या. त्यामुळे दोडामार्गच्या रुग्णाने उपचारासाठी राज्याची सीमा ओलांडून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठले, तरी या बाबतीत मूळ कायदा तोच राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मानवी भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवण्यास मनाई केली आहे. मूलपेशींसाठी भ्रूण घडवणे त्यांनी निर्बंधित वर्गात ठेवले आहे. मक्केची परिषद ते सरसकट नाकारते.

कायदा धर्ममत ठरवत नाही. त्याचा भर दात्याच्या आणि रुग्णाच्या संमतीवर आहे. धर्माचरण करणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही संमती पेशी आणि आधारजाल यांचा स्रोत आधी समजला तरच अर्थपूर्ण ठरते. निकड आहे की पर्याय उपलब्ध आहे, याचा निर्णयही त्या माहितीवाचून करता येत नाही.