गाडी भंगारात गेली, आरसीवर नाव मात्र तुमचंच! टोटल लॉसनंतर रोड टॅक्सचं आणि नोंदणीचं काय?

अपघातात गाडीचा चेंदामेंदा झाला, विमा कंपनीनं 'टोटल लॉस' म्हणून पैसे दिले आणि भंगारवाल्यानं सांगाडा उचलून नेला, की विषय संपला असं बहुतेक घरात धरलं जातं. पण आरटीओच्या दप्तरात ती गाडी अजून चालू असते आणि मालक म्हणून जुनंच नाव असतं. यातून दोन नुकसानं होतात. रोड टॅक्समधला जो पैसा परत मागता येतो तो कुणी मागत नाही, आणि ती गाडी किंवा तिचा नंबर पुन्हा रस्त्यावर आला तर पहिली नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते.

ग्रामीण भागात हा प्रश्न जास्त आहे. गाडी कर्जावर घेतलेली असते, कागदपत्रं एजंटाकडं असतात आणि आरटीओ ऑफिस जिल्ह्याच्या गावाला. हातात पैसे पडले की पुन्हा तिकडं जाण्याचा कंटाळा केला जातो.

विम्यात टॅक्स धरलेलाच नसतो

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल कारला, किंमत दहा लाखांच्या आत असेल तर ११ टक्के आणि डिझेल कारला १३ टक्के एकरकमी कर भरावा लागतो. सात लाखांची पेट्रोल कार घेतली तर ७७ हजार रुपये टॅक्समध्ये जातात. नोंदणीची फी त्या मानाने किरकोळ, कारला ६०० रुपये आणि मोटारसायकलला ३००. ही फी गेली ती गेली, परत मिळत नाही. खरा पैसा टॅक्समध्ये असतो.

विमा कंपनी नुकसानभरपाई देते ती आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीवर. ही किंमत कंपनीच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून काढतात. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के, दोन ते तीन वर्षांची ३० टक्के, तीन ते चार वर्षांची ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांची ५० टक्के घसारा धरतात. टॅक्स आणि नोंदणीचा खर्च यात येतच नाही.

हिशोब असा होतो. सात लाखांची गाडी, पॉलिसी घेताना वय तीन वर्षांच्या पुढे, म्हणजे आयडीव्ही ४ लाख २० हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर, म्हणजे ३ लाख १५ हजारांच्या वर गेला की कंपनी ती गाडी टोटल लॉस धरते. कर्ज बाकी असेल तर मिळणाऱ्या रकमेतून आधी बँकेची किंवा फायनान्सची बाकी जाते, मग उरलेलं मालकाच्या खात्यात. तीन लाख बाकी असेल तर हातात लाख-सव्वा लाख राहतात. ७७ हजारांचा टॅक्स या सगळ्या हिशोबात कुठंच नसतो.

'रिटर्न टू इनव्हॉइस' नावाचं जादा कव्हर घेतलं असेल तर गाडीची पावतीवरची किंमत मिळते, आणि पॉलिसीच्या अटीनुसार टॅक्स व नोंदणीचा खर्चही मिळू शकतो. पण हे कव्हर साधारण नव्या गाडीलाच देतात आणि हप्ता वाढतो म्हणून गावाकडं फार कमी लोक घेतात. ज्यांच्याकडं फक्त थर्ड पार्टी विमा आहे त्यांना स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. त्यांच्यासाठी तर टॅक्सचा परतावा आणि भंगाराची किंमत एवढंच उरतं.

कायद्यात तरतूद आहे, पण मागावं लागतं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ मध्ये स्पष्ट लिहिलंय. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आपल्या भागाच्या आरटीओला कळवायचं आणि आरसी जमा करायची. मग आरटीओ नोंदणी रद्द करतं. गाडीची मूळ नोंदणी दुसऱ्या आरटीओची असेल तर इथलं ऑफिस तो अहवाल तिकडं पाठवतं.

नोंदणी रद्द झाल्यावर टॅक्सच्या परताव्याचा रस्ता उघडतो. राज्याच्या १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यात एकरकमी कराचा काही भाग परत देण्याची तरतूद आहे. गाडी जितकी जुनी तितका परतावा कमी. म्हणून दोन-तीन वर्षांच्या गाडीचा परतावा सोडणं म्हणजे चांगली रक्कम सोडणं, आणि बारा-तेरा वर्षांच्या गाडीत मात्र फारसं काही हाती लागत नाही.

हा परतावा आपोआप खात्यात येत नाही, अर्ज करावा लागतो. विमा कंपनी त्याबद्दल सांगत नाही, कारण तिचा त्याच्याशी संबंध नाही. गॅरेजवाला सांगत नाही आणि भंगारवाल्याला तर कागद चालू राहिलेलेच बरे असतात.

१४ दिवस आणि दोन महिन्यांचा क्लेम

खरी अडचण इथं आहे. कायदा १४ दिवस म्हणतो, पण क्लेमला सर्व्हेअर येणार, अंदाजपत्रक होणार, पोलिसांचे कागद लागणार, फायनान्स कंपनीचं पत्र लागणार, यात महिना-दोन महिने सहज जातात. तोपर्यंत आरसी जमा केली तर क्लेम अडकेल या भीतीनं लोक थांबतात. कायद्यात 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द आहेत, त्यामुळं थोडा उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. पण दरम्यान आरटीओला गाडी निकामी झाल्याचं लेखी कळवून त्याची पोच घेऊन ठेवता येते. ती एक पोच पुढं फार कामाला येते.

दुसरी अडचण कर्जाची. आरसीवर बँकेचा बोजा असेपर्यंत नोंदणी रद्द होत नाही. बाकी भागल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवावा लागतो. क्लेमच्या पैशातून कर्ज पूर्ण फिटलं नाही तर उरलेली बाकी मालकालाच भरावी लागते, आणि ती भरेपर्यंत नोंदणीचं काम लोंबकळत राहतं.

अपघातात गाडीचा मालकच गेला असेल तर घरच्यांची फरफट आणखी वाढते. आधी वारस म्हणून कागद द्यायचे, मग पुढचं सगळं. दुःखाच्या काळात आरसी कुणाच्या डोक्यात येत नाही, हे खरंच आहे.

स्टँपवर लिहून दिलं म्हणजे सुटलो?

टोटल लॉसचा सांगाडा विकताना गावाकडं स्टँप पेपरवर 'आजपासून या गाडीची जबाबदारी घेणाऱ्याची' असं लिहून घेतात. त्यावर दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. लोकांना वाटतं आता आपण मोकळे.

सुप्रीम कोर्टाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात वेगळंच सांगितलंय. मालकाने गाडी २००७ साली विकली होती, पुढं ती आणखी हातांतून गेली आणि २००९ साली तिचा अपघात झाला. आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याच मालकाचं होतं. नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निकाल लागला.

भंगारातली गाडी ठोकठाक करून पुन्हा रस्त्यावर आणली, तिला विमा नसला आणि तिनं कुणाला उडवलं, तर ही जबाबदारी थेट जुन्या मालकाच्या शेतीवाडीपर्यंत येऊ शकते. शिवाय टोटल लॉस गाडीचे कागद आणि चासी नंबर चोरीच्या गाडीला लावण्याचे प्रकार पोलिसांनी वेळोवेळी उघड केलेत. अशा टोळ्या सांगाड्याला भंगारापेक्षा जास्त भाव देतात. सांगाड्यासोबत आरसी मागणारा आणि भाव वाढवून देणारा गिऱ्हाईक दिसला की तिथंच सावध व्हायला पाहिजे.

क्रमाने काय करावं

१. अपघातानंतर लगेच विमा कंपनीला आणि पोलिसांना कळवा. आरसी, पॉलिसी, टॅक्सची पावती यांच्या झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

२. कंपनीने टोटल लॉस मान्य केल्याचं पत्र लेखी घ्या. सांगाडा कंपनी घेणार की मालकाकडं ठेवून त्याची किंमत वजा करणार, हे त्यातच स्पष्ट करून घ्या.

३. आरटीओला गाडी निकामी झाल्याचा अर्ज द्या, पोच घ्या. तालुक्याला आरटीओचं शिबिर असतं तिथं अर्जाची आणि कागदांची चौकशी करा.

४. कर्ज असेल तर एनओसी घेऊन बोजा उतरवा. ई-चलन आणि टॅक्सची बाकी भरा.

५. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज मूळ आरसीसह द्या. बहुतेक ठिकाणी चासी नंबरचा कापलेला तुकडा मागतात, म्हणून सांगाडा देण्याआधीच त्याचं बघा.

६. रद्द झाल्याचा कागद मिळाला की टॅक्स परताव्याचा अर्ज करा. फास्टॅगही बंद करा.

सांगाडा सरकारमान्य स्क्रॅप केंद्राला देण्याचा पर्याय २०२१ च्या केंद्रीय नियमांनी उघडलाय. अपघातात निकामी झालेली गाडीही तिथं घेतात. तिथून मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते. खासगी गाडीला टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची मर्यादा केंद्राने ठेवलीय, त्यात किती द्यायची ते राज्य ठरवतं. गावातला भंगारवाला चार पैसे जास्त देत असला तरी ही सवलत धरून हिशोब केला पाहिजे.

कंपनीनेच कळवलं तर?

टोटल लॉसचा क्लेम मंजूर होतो तेव्हा विमा कंपनीकडं गाडीचा नंबर, चासी नंबर, मालकाचं नाव सगळं असतं. आरटीओची नोंदही आता ऑनलाइन आहे. क्लेम मंजूर होताच त्या नंबरवर 'निकामी' अशी खूण पडली तर कागद विकणाऱ्यांचा धंदा बसेल आणि मालकालाही परताव्याची आठवण राहील. आज मात्र सगळा भार मालकावर आहे, आणि तो बिचारा दवाखाना, पोलीस स्टेशन आणि बँक यांच्या फेऱ्यांत असतो.

ज्यांच्या गाडीचा क्लेम गेल्या दोन-तीन वर्षांत टोटल लॉसमध्ये मिटला, त्यांनी सरकारच्या परिवहन ॲपवर आपला नंबर टाकून बघावा. नोंदणी अजून 'ॲक्टिव्ह' दिसत असेल तर काम बाकी आहे.