भांडुपला हवी नववी-दहावीची नवी शाळा

मुंबईकरांच्या नळाला येणारं बहुतांश पाणी भांडुप संकुलात शुद्ध होतं. आशियातल्या सर्वांत मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांपैकी हे एक. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचं पाणी या संकुलात शिरलं, यंत्रणा बंद पडली आणि शहराच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा ठप्प झाला. इतर मुंबईवर अशी वेळ क्वचित येते. संकुलाच्या शेजारी डोंगरउतारावर वसलेल्या भांडुपच्या वस्त्यांना मात्र कमी दाबाच्या पाण्याची तक्रार वर्षानुवर्षं करावी लागते. याच वस्त्यांतली मुलं आठवीच्या विज्ञानात ‘बल व दाब’ हा धडा शिकतात. पाणी दहा मीटर वर चढवायचं तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा दाब लागतो, हे गणित त्यांच्या चाळीच्या पायऱ्यांवर रोज घडत असतं. पण पायऱ्यांची उंची मोजून, नळाला दाबमापक लावून, कोणत्या गल्लीत किती वाजता किती पाणी येतं याची नोंद ठेवायला त्यांना कुणी सांगत नाही.

ही नोंद ठेवणं हा खरा शालेय प्रकल्प. त्यात भौतिकशास्त्र आहे, आलेख आहे, भूगोल आहे. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करून पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला आहे की नाही हे पाहताना रसायनशास्त्र येतं. जमवलेली माहिती घेऊन पालिकेच्या ‘एस’ विभाग कार्यालयात अर्ज करताना नागरिकशास्त्र आणि मराठी निबंधलेखन दोन्ही येतात. शिवाय त्या माहितीची वस्तीला गरज असते. एखादं काम खरंच कुणाच्या तरी उपयोगाचं असेल तर मूल ते जबाबदारीनं करतं, मोजमाप चुकलं तर पुन्हा मोजतं.

महाराष्ट्रात प्रकल्प हा शब्द नवा नाही. २०१० पासून लागू झालेल्या आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनतंत्रांत तो आहे. व्यवहारात त्याचं काय झालं हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे: रात्री स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले चित्रांचे तक्ते, आईनं कापलेला थर्माकोल, वहीत उतरवलेला मजकूर. यात दोष मुलांचा नाही, शिक्षकांचाही फारसा नाही. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, पन्नास-साठ मुलांच्या वर्गात आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामं अंगावर असताना याहून वेगळं काही घडणं कठीण आहे. प्रकल्पातून शिकवायचं तर शाळा आटोपशीर हवी, वेळापत्रक मोकळं हवं आणि शिक्षकाला निर्णयाचा अधिकार हवा.

अमेरिकेत याच अधिकारासाठी ‘चार्टर’ शाळांचा मार्ग निघाला. मिनेसोटा राज्यानं १९९१ मध्ये त्यासाठीचा पहिला कायदा केला आणि पुढच्याच वर्षी पहिली शाळा सुरू झाली. पैसा सरकारचा, प्रवेश सर्वांना खुला, शुल्क नाही. अभ्यासक्रम आणि कारभाराचं स्वातंत्र्य शाळेला. बदल्यात ठरलेल्या मुदतीचा करार, आणि तो पाळला नाही तर शाळा बंद. सॅन दिएगोत २००० मध्ये सुरू झालेल्या ‘हाय टेक हाय’नं या चौकटीत संपूर्ण माध्यमिक शिक्षण प्रकल्पांभोवती बांधलं. तिथं प्रवेश सोडतीनं होतो आणि मुलांचं काम पालक आणि परिसरातल्या लोकांसमोर जाहीरपणे मांडलं जातं. चार्टर शाळांचे निकाल सगळीकडे चांगले नाहीत. चांगला करार आणि त्यावर कडक देखरेख असली तरच त्यातून काही हाती लागतं.

पण आपल्याला सॅन दिएगोला जाण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळ या अवर्षणग्रस्त गावी, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून ते तिथं गेले होते. त्यांनी बसवलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम राज्याच्या माध्यमिक मंडळानं १९८७ मध्ये मान्य केला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन अशी चार अंगं. आठवड्यातला एक दिवस हातानं काम, उरलेले दिवस नेहमीचे विषय. मुलं वेल्डिंग करत, रक्तगट तपासत, गावाला लागणाऱ्या सेवा पुरवत. शिकवायला गावातलेच कुशल कारागीर. हा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत गेला. संगणकी यंत्रांनी वस्तू घडवण्याच्या अगदी सुरुवातीच्या कार्यशाळांपैकी, म्हणजे फॅब लॅबपैकी, एक पाबळला उभी राहिली ती याच पायावर. असा कणखर नमुना घरात असताना मुंबईच्या शिक्षण खात्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही, ही आम्हाला मोठी उपेक्षा वाटते.

मुंबईत करारावरच्या शाळांचा अनुभवही आहे. मुक्तांगण हा शिक्षण उपक्रम २००३ मध्ये वरळीच्या ग्लोब मिल पॅसेजमधल्या पालिका शाळेत सुरू झाला आणि त्यानं गिरणगावातल्या सामान्य घरांतल्या स्त्रियांना शिक्षक म्हणून घडवलं. आकांक्षासारख्या संस्थाही पालिकेच्या इमारतींत शाळा चालवतात. २०१३ मध्ये पालिकेनं यासाठी धोरणच आणलं: इमारत पालिकेची, शिक्षण विनाशुल्क, शिकवण्याची जबाबदारी संस्थेची. मात्र खरी तूट आठवीनंतर आहे. शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, आणि पालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानानं माध्यमिक शाळा फारच थोड्या आहेत. शिक्षण सुटण्याचा धोका ज्या वयात सर्वाधिक, तिथंच सरकारी शाळेचं छत्र विरळ होतं.

म्हणून भांडुपला प्रकल्पांतून शिकवणारी, करारावरची नववी-दहावीची शाळा हवी. तिच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप जुना आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षण देणारी नई तालीम मांडली, झाकिर हुसेन समितीनं तिचा आराखडा केला. तेव्हाच विचारलं गेलं, की गरिबांच्या मुलांनी तेवढं हातकाम करायचं आणि सुखवस्तूंच्या मुलांनी पुस्तकं वाचून अधिकारी व्हायचं का? हा प्रश्न आजही तितकाच खरा आहे. कंपनीच्या पाळीवर आयुष्य गेलेल्या भांडुपच्या बापाला आपल्या मुलीनं पुन्हा लेथवर उभं राहू नये असं वाटलं तर त्याला दूरदृष्टी नाही असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्याला शब्दांनी समजावून भागणार नाही; दहावीचा निकालच दाखवावा लागेल. म्हणून पाबळचं प्रमाण योग्य: एक दिवस प्रकल्पाचा, बाकीचे दिवस मंडळाच्या अभ्यासक्रमाचे, त्यात कसलीही तडजोड नाही.

दुसरा प्रश्न गुणांचा. २०१९ मध्ये भाषांचे आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले तेव्हा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. अंतर्गत गुणांवर लोकांचा विश्वास किती कमी आहे हे त्यातून कळलं. प्रकल्पाचे गुण शाळेनं एकटीनं देऊ नयेत. संकुलातला अभियंता, वस्तीतल्या बाया, शेजारच्या शाळेचा शिक्षक यांनी समोर बसून मुलाला प्रश्न विचारावेत. ही उलटतपासणी मराठीतच होईल. ज्यांच्याकडून माहिती घ्यायची आणि ज्यांना ती परत द्यायची, ते मराठी बोलतात, म्हणून या शाळेचं माध्यम मराठी असावं. इंग्रजी उत्तम शिकवावं, पण विचार घरच्या भाषेत व्हावा.

तिसरी काळजी सातत्याची. राज्यानं २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, वाबळेवाडीसारख्या जिल्हा परिषद शाळा त्याच्याशी जोडल्या. २०२० मध्ये ते मंडळ बरखास्त झालं. अधिकारी किंवा सत्ता बदलताच मुलांच्या पायाखालची शाळा हलता कामा नये. भांडुपच्या शाळेचा करार किमान पाच वर्षांचा, मराठीत लिहिलेला आणि शाळेच्या दारावर लावलेला असावा. पालिकेनं पगार द्यावा, देखरेख ठेवावी आणि शाळा चालवणारी संस्था अपयशी ठरली तर शाळा स्वतः चालवावी. जबाबदारी भागीदारावर ढकलून मोकळं होण्याला आमचा विरोध राहील.

यासाठी नवी इमारत लागत नाही. ‘एस’ विभागातल्या पालिकेच्या एका शाळेत नववीचे दोन वर्ग, एक कार्यशाळा आणि लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या गाळ्यांतले दोन-चार अनुभवी कारागीर एवढ्यावर पहिलं वर्ष सुरू होऊ शकतं. शाळा व्यवस्थापन समित्यांत निम्म्याहून जास्त जागा पालकांच्या आहेत. भांडुपच्या पालकांनी येत्या बैठकीत हा विषय लेखी मांडावा, आणि पालिकेच्या शिक्षण विभागानं त्याला लेखी उत्तर द्यावं.