ए.कु.मॅ. ही तीन अक्षरे कुणी गिळली?

आमच्या टेबलावर एकाच जमिनीचे दोन सातबारे आहेत. एक हस्तलिखित, घड्यांवर फाटलेला, निळ्या शाईचा. त्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिले आहे. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. दुसरा संगणकातून निघालेला, कोरा करकरीत. नाव तेच, गट नंबर तोच, क्षेत्रही तेच. फक्त ती तीन अक्षरे नाहीत. कुणीतरी ती टंकायची सोडली आणि दोन भाऊ व एक बहीण आपल्या बापाच्या जमिनीवरून पुसली गेली. थोरला घराचा कारभारी होता, कागदावर तो एकटा मालक झाला. तो आज हयात नाही. त्याच्या मुलांची वारसनोंद झाली. ज्या धाकट्या काकाने त्या रानात पन्नास वर्षे नांगर धरला, तो आज स्वतःच्या बांधावर परका आहे. उद्या पुतण्यांनी खरेदीखत करून दिले तर त्याने दाद कुणाकडे मागायची?

सातबारा संगणकावर आला हे योग्यच झाले. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो, त्याला आमचा विरोध नाही. आमचा संताप आहे तो महाराष्ट्रातले सुमारे अडीच कोटी सातबारे ज्या बेफिकिरीने एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात ओतले गेले त्या बेफिकिरीवर, आणि त्याहून अधिक, ती बेफिकिरी उघड झाल्यावर सरकारने जे केले त्यावर.

हस्तलिखित सातबारा वाचणे ही एक विद्या आहे. नावाला कंस असेल तर ते नाव कमी झाले. इतर हक्कातल्या सोसायटीच्या बोजाला कंस असेल तर कर्ज फिटले. अ.पा.क. असेल तर मालक अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, आहे आणि पुढचे नाव फक्त पालनकर्त्याचे आहे. जुन्या तलाठ्याला हे झोपेत विचारले तरी सांगता येई. पण ज्याने जन्मात सातबारा वाचला नाही अशा माणसाला कीबोर्डपुढे बसवून ‘दिसते तसे भर’ म्हटले, तर काय होणार? कंस सुटला की फेडलेले कर्ज पुन्हा जिवंत होते आणि बँक नवे पीककर्ज नाकारते. १ हेक्टर ६२ आर घाईत १ हेक्टर २६ आर झाले की ३६ आर, म्हणजे पाऊण एकराहून जास्त रान नाहीसे होते. ते भरून काढायला त्या शेतकऱ्याचा जन्म पुरत नाही.

जुने दप्तर नव्यात उतरवताना बेरीज जुळवायची असते, हे वाण्याच्या दुकानातला मुनीमही जाणतो. गावातल्या सगळ्या सातबाऱ्यांचे क्षेत्र आकारबंदाशी, म्हणजे गावाच्या क्षेत्र-आकारणीच्या मूळ नोंदीशी, जुळले पाहिजे आणि ते जुळेपर्यंत जुनी वही मिटायची नाही. इथे आधी भरले, मग ‘एडिट मॉड्यूल’ आले, मग त्या दुरुस्तीची दुरुस्ती करायला ‘री-एडिट’ आले, मग विसंगत सातबारे शोधणारे ओडीसी अहवाल आले. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत घोषणापत्रे झाली की गावाचे दप्तर तंतोतंत जुळले आहे. तंतोतंत? आमच्या टेबलावरच्या त्या सातबाऱ्याचे क्षेत्र जुळते, आकार जुळतो, खातेदार एक आहे आणि त्याच्या नावावर पूर्ण क्षेत्र आहे. बेरीज जुळवणारा कोणताही अहवाल तिथे बोट ठेवू शकणार नाही. आकड्यांचा मेळ बसला आणि तिघांचा हक्क गेला!

२०१७ साली चावडी वाचन झाले. कल्पना चांगली होती. पण चावडीवर ज्याचे नाव उरले होते त्याच्याच नावाचा पुकारा झाला. पुसलेल्या नावाचा पुकारा कोण करणार? सासरी गेलेली बहीण त्या दिवशी चावडीवर नव्हती. मुंबईला गिरणीच्या चाळीत राहिलेला भाऊ तिथे नव्हता. ज्यांचे सर्वात जास्त गेले, त्यांनाच बोलावणे गेले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५७: अधिकार अभिलेखातली नोंद, ती चुकीची असल्याचे सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. म्हणजे टंकताना झालेली चूक त्या क्षणापासून कायद्याच्या नजरेत सत्य ठरते, आणि खऱ्या मालकाला ती खोटी ठरवण्यासाठी झगडावे लागते. त्याच कायद्याचे कलम १५५ सांगते की लेखनातली चूक कधीही दुरुस्त करता येते, आणि तपासणीत अधिकाऱ्याच्या स्वतःच्या लक्षात आलेली चूकही संबंधितांना नोटीस देऊन, हरकती ऐकून दुरुस्त करता येते. मग अर्ज शेतकऱ्याकडून का? वकिलाची फी त्याने का भरायची? ‘जुन्या सातबाऱ्याची आणि फेरफाराची प्रमाणित नक्कल आणा’ असे तहसीलच्या खिडकीतून त्याला का सांगितले जाते? ते फेरफार त्याच कचेरीच्या अभिलेख कक्षात कपड्यात बांधून पडलेले आहेत. जुन्या अभिलेखांचे स्कॅनिंग सरकारनेच केले, कित्येक जिल्ह्यांतले जुने उतारे सरकारच पैसे घेऊन ऑनलाइन देते. आपल्याच कपाटातला कागद माणसाला विकत घ्यायला लावायचा आणि तो आपल्यालाच पुरावा म्हणून सादर करायला सांगायचा, हा अन्याय आहे. दुसरा शब्द आमच्याकडे नाही.

तलाठ्याला झोडपून हे पाप धुतले जाणार नाही. सर्व्हर दिवसा चालत नाही म्हणून मध्यरात्री लॅपटॉप उघडून बसलेले तलाठी महाराष्ट्राने पाहिले आहेत. एकेका तलाठ्याच्या सजात अनेक गावे, वरून रोजचे ‘किती टक्के झाले’ हे विचारणे. टक्के विचारणाऱ्यांपैकी एकाने तरी ‘किती चुकले’ असे विचारले होते काय?

ब्रिटनमधल्या टीएसबी या बँकेचे उदाहरण घ्या. एप्रिल २०१८ मध्ये तिने ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या संगणक प्रणालीवर नेली. नोंदी नीट उतरल्या होत्या, कोसळली ती प्रणाली. लोकांना आपलीच खाती उघडेनात. त्याच वर्षी बँकेच्या मुख्याधिकाऱ्याने पद सोडले. ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई द्यावी लागली. २०२२ च्या डिसेंबरात नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला, आणि पुढच्या वर्षी तिच्या माजी माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाला स्वतःच्या खिशातून ८१ हजार ६२० पौंड भरायला लावले. आमच्याकडे नोंदीच बिघडल्या. दंड कुणाला झाला? तालुक्याला फेऱ्या मारून चपला झिजवणाऱ्याला!

इतके दूर तरी कशाला जायचे? १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात प्रिंगल या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने केलेल्या मोजणीवर आकारणी लागू झाली. मोजणी सदोष, आकारणी जड. रयत जमिनी टाकून गेली. कंपनी सरकार काही रयतेचे कैवारी नव्हते. तरी त्यालाही ते दप्तर बाजूला सारावे लागले आणि १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्याने काम उभे केले. परक्यांना जी चूक मान्य करावी लागली, ती आपल्या माणसांना मान्य करायला कसली लाज वाटते?

आणि वेळ थोडा उरला आहे. शेतकरी ओळख क्रमांक याच सातबाऱ्याला जोडले जात आहेत. अतिवृष्टीचे अनुदान, पीकविमा, पीककर्ज सगळे याच नोंदीवरून चालते. एका जागी सुटलेली तीन अक्षरे आता पाच जागी सुटतील, आणि पाचही खिडक्या चौकशीला आलेल्याला सहाव्या खिडकीकडे पाठवतील.

म्हणून आमचे मागणे असे: गावोगावचे स्कॅन केलेले जुने सातबारे आणि आजचे सातबारे सरकारने स्वतः शेजारी ठेवून, सातबारा वाचता येणाऱ्या माणसांकडून, अक्षर न् अक्षर पडताळावेत, निवृत्त तलाठी आणि मंडळ अधिकारी यासाठी मानधनावर बोलवावेत. फरक दिसेल तिथे कलम १५५ खाली अधिकाऱ्यानेच नोटीस काढावी, आणि ती पुसल्या गेलेल्या नावांनाही जावी. शेतकऱ्याकडून एक रुपया घेऊ नये, एक नक्कल मागू नये. पडताळणी होईपर्यंत त्या गटाच्या सातबाऱ्यावर ‘पडताळणी प्रलंबित’ असा शेरा असावा, म्हणजे घेणारा सावध राहील. किती चुका सापडल्या आणि किती दुरुस्त झाल्या, याचा तालुकावार फलक दर महिन्याला तहसीलच्या दारावर लागावा.

त्या काकाचे वय आज ७८ आहे. त्याच्या अर्जाची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.