सिंधूने काय करायला हवे होते?

वंदनेच्या वेळी पाचवे शील आपण सारेच मोठ्याने म्हणतो. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही पिंपरीपासून चाकणपर्यंत, पगाराच्या दिवशी पाळी सुटली की दारूच्या दुकानापुढे जी गर्दी होते, तिच्यात आपलेही बांधव असतात. हे झाकून चालणार नाही. झाकण्यानेच दारू घरात मुरते.

राम गणेश गडकरींचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. वकील सुधाकरची सनद काही महिन्यांसाठी जाते, अपमानाने तो खचतो आणि तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. पुढे संसार धुळीला मिळतो. बायको सिंधू दळण दळून घर चालवते. दारूच्या भरात सुधाकर तान्ह्या मुलाचा जीव घेतो, सिंधूही त्याच्या माराने मरते. पण मरतानाही ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षक रडले, तिला पतिव्रता म्हणून त्यांनी हात जोडले. आपण मात्र विचारले पाहिजे, तिच्या सोसण्याने कोण वाचले? मूल गेले, ती गेली आणि शेवटी सुधाकरही गेला.

आता १९६२ सालचा हॉलिवूडचा ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ हा चित्रपट पाहा. यात दारू न पिणाऱ्या बायकोला नवराच प्यायला शिकवतो. दोघेही बुडतात, नोकरी जाते, लहान मुलीची आबाळ होते. लपवलेली बाटली शोधताना नवरा सासऱ्याची रोपवाटिका उद्ध्वस्त करतो. पुढे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या गटाच्या आधाराने तो सावरतो. बायको मात्र आपल्याला व्यसन आहे हेच मान्य करीत नाही. शेवटी ती घरी येते. त्याचे तिच्यावर प्रेम आहे, पण दारूसकट तो तिला घरात घेत नाही. तिने दारू सोडावी, मग दार उघडेच आहे. यालाच खरी करुणा म्हणतात.

व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. फार पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भगिनींनो, नवरा पिऊन पडला असताना कारखान्यात ‘ताप आलाय’ असा निरोप धाडू नका. त्याची उधारी फेडू नका. अंगावरचे वळ ‘घसरून पडले’ म्हणून लपवू नका; तुमच्या संरक्षणासाठी २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आहे. आणि बांधवांनो, मित्राला ‘एकच घे’ म्हणणारा तळीराम होऊ नका.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी याच पट्ट्यातल्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. इथल्या प्रत्येक विहारात महिन्यातून एक संध्याकाळ व्यसनाविषयी मोकळेपणाने बोलण्यासाठी ठेवता येईल. तिथे कुणाला हसू नये, कुणाचे नाव बाहेर नेऊ नये. पाचवे शील असेच घरोघर पोहोचेल.

जयभीम!