कुंपणच शेत खाते तेव्हा!

आपण एका दाराची कडी वाजवावी आणि कोणी तरी आपले बखोट धरून आपल्याला भलत्याच घरी नेऊन उभे करावे, असे भररस्त्यात घडले तर केवढा गहजब होईल! मोबाईलच्या पडद्यावर मात्र हे राजरोस घडते आहे. उघडावयास जावे एक संकेतस्थळ आणि समोर उभा राहावा सट्ट्याचा अड्डा! संरक्षक सॉफ्टवेअर धोक्याची घंटा वाजवते, तर संकेतस्थळाचे चालक म्हणतात, ‘आमच्याकडे सारे ठीक आहे, तुमचे सॉफ्टवेअरच खोटे बोलते!’

या उत्तराची किंमत काय, हे 2024 सालच्या पॉलिफिल प्रकरणाने दाखवून दिले आहे. जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी वापरता याव्यात म्हणून ‘पॉलिफिल डॉट आयओ’ या पत्त्यावरून एक स्क्रिप्ट मोफत मिळत असे. ती स्वतःकडे न ठेवता हजारो संकेतस्थळे दर वेळी त्या पत्त्यावरूनच मागवीत. फेब्रुवारी 2024 मध्ये तो पत्ता ‘फनल’ नावाच्या कंपनीच्या हाती गेला. ही सेवा मूळ उभारणारे अँड्रू बेट्स यांनी तेव्हाच बजावले, की ती ताबडतोब काढून टाका. आज तिची गरजही उरलेली नाही. पण लक्षात कोण घेतो! 25 जून रोजी ‘सॅनसेक’ या संस्थेने स्फोट केला. एक लाखाहून अधिक संकेतस्थळांवर ही स्क्रिप्ट होती आणि ती मोबाईलधारकांना सट्ट्याच्या पानांकडे वळवीत होती. दोन दिवसांत तो पत्ता बंद करण्यात आला.

या चोराची चलाखी पाहा. तो ठराविक वेळी, ठराविक फोनवरच हात मारी, आणि चालक स्वतः पाहतो आहे असा सुगावा लागताच गप्प बसे. म्हणजे ‘आम्हांला काही दिसत नाही’ हे चालकांचे म्हणणे खरे होते. पण तो निर्दोषपणाचा पुरावा नव्हता! संरक्षक सॉफ्टवेअरही कधी चुकते, हे आम्हांला मान्य आहे. परंतु ते चुकले की नाही, हे तपासणीने ठरावे, अहंकाराने नव्हे.

उपाय साधे आहेत. बिनगरजेच्या परक्या स्क्रिप्ट काढून टाकाव्यात. लागतील त्या आपल्याच सर्व्हरवर ठेवाव्यात. बाहेरून आणणे अटळच असेल, तर मजकुरात एका अक्षराचाही फरक पडताच ब्राउझर ती नाकारील, अशी खूण पानावर नोंदवावी. पॉलिफिलचा मजकूर ब्राउझरागणिक बदलत असल्याने तेथे हा पहारा बसवणेच शक्य नव्हते. अशी वस्तू घरात घ्यावीच कशाला?

वाचकांनीही इशारा पुसून पुढे जाऊ नये. असे पान तत्काळ बंद करावे. दुसऱ्या फोनवरही तेच घडले तर दोष बहुधा संकेतस्थळाचा. तसे चालकांना कळवावे. आपल्याच ब्राउझरमध्ये सर्वत्र तसे होत असेल, तर अनोळखी एक्स्टेन्शन काढून टाकावीत. पैसे गेले असतील तर विनाविलंब 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

पण ‘नागरिकांनो, सावध राहा’ एवढे सांगून चालकांची सुटका होत नाही. बँका, महापालिका, विद्यापीठे आणि वर्तमानपत्रे यांच्या नावावर विश्वासून माणूस त्यांच्या दारी येतो. त्या दारातून त्याला पळवून नेले जात असेल, तर जाब चोराला विचारावाच. पण ज्याने दाराची किल्ली परक्याच्या हाती दिली आणि वर्षानुवर्षे वळूनही पाहिले नाही, त्या घरमालकाला प्रथम विचारला पाहिजे!