पुराची रेघ, भिंतीतली ओल आणि आपलं सरकारी रंगकाम

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण शाळा उघडायच्या आधी, म्हणजे मे महिन्यातच, हे बोलून घ्यायला हवं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की भिंतींबद्दल बोलून काही उपयोग नसतो.

सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये नदीनं पुन्हा ५० फूट ओलांडले. त्याच आठवड्यात, २२ जुलैला, तिकडे वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. पाणी उतरलं, गाळ काढला, पंचनामे झाले, अनुदानावरून भांडणं झाली. या सगळ्यावर भरपूर लिहून आलं. पण त्यानंतर पूरपट्ट्यातल्या इमारतींच्या भिंतींवर आपण जो रंग मारला, त्यावर कुणी बोलत नाही. आणि माझ्या मते सार्वजनिक पैसा गुपचूप वाया जायची ती एक हमखास जागा आहे.

पूरपट्ट्यातल्या कुठल्याही शाळेत, अंगणवाडीत, दवाखान्यात जाऊन बघा. खाली चार फूट ऑइलपेंटचा पट्टा, वर फिकट पिवळा किंवा आकाशी डिस्टेंपर. त्या पट्ट्याच्या बरोबर वर तपकिरी नकाशे उमटलेले. पट्ट्याला फुगे आलेले, बोटानं दाबलं की पापुद्रा सुटतो आणि आतून पांढरी भुकटी पडते. हा लोणा. आणि दार उघडल्या उघडल्या तो कुबट वास. रंग जुना असेल असं वाटतं. चौकशी केली की कळतं, दीडच वर्ष झालं.

अशा एका शाळेचं काम मी स्वतः जवळून पाहिलं. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. पाणी ऑगस्टमध्ये उतरलं आणि रंगारी ऑक्टोबरमध्ये भिंतीवर. भिंत हाताला गार लागत होती. वरवर पत्रा फिरवला, सुटलेली पापडी काढली, खड्ड्यात लांबी भरली आणि दोन हात मारून मोकळे. फोटो काढले, बिल निघालं. पुढच्या जूनमध्ये पुराची रेघ जिथल्या तिथे, नव्या रंगातून वर आलेली. मुलं तिच्याकडे बोट दाखवून सांगतात, "सर, इथपर्यंत पाणी आलं होतं." वर्गात फलक लावायची गरजच नाही.

यात जादू काही नाही. डाग वर का येतो ते समजून घेऊ, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे.

पाण्याचा डाग म्हणजे गिलाव्यातले आणि मातीतले विरघळणारे क्षार आणि रंगद्रव्यं. डिस्टेंपर आणि इमल्शन हे पाण्यातले रंग. ते अशा डागावर मारले की रंगातलं पाणी तो डाग पुन्हा विरघळवतं. रंग वाळताना पाणी पृष्ठभागाकडे येतं आणि उडून जातं, डाग मात्र तिथेच राहतो. दुसरा हात मारा, तिसरा मारा, तेच होणार. म्हणून "अजून एक हात मारा हो" हा उपाय नाही, तो फक्त खर्च आहे.

हीच गोष्ट इतर डागांची. पोषण आहार शिजवायच्या खोलीतली काजळी तेलकट असते, तिच्यावर पाण्यातला रंग नीट धरत नाही आणि पिवळसर छटा वर येते. वर्गातल्या भिंतीवरची स्केचपेनची कारागिरी चुन्यातून, डिस्टेंपरमधून आरामात डोकावते. आणि सरकारी कचेरीच्या जिन्याचा कोपरा! पान-गुटख्यातल्या सुपारी आणि काताचा डाग इतका चिवट, की वरून पांढरा मारला तरी महिनाभरात गुलाबी होतो. मग तिथे देवांच्या फरश्या बसवतात. थुंकणं थांबवायला देव लागतात हे आपलं दुर्दैव, पण डाग थांबवायला साधा प्रायमर पुरतो.

असे डाग आणि त्यांच्याबरोबरचा वास अडवण्यासाठी मधे एक थर लागतो, जो पाण्यात विरघळत नाही. सॉल्व्हंट प्रायमर, म्हणजे रंगारी ज्याला ऑइल प्रायमर म्हणतात तो, किंवा लाखेपासून केलेला, स्पिरिटमधला थर. लाख आपल्याला नवीन नाही. सुतार पॉलिशला चपडा लाख वापरतात, आणि लाकडाच्या गाठीतला चीक रंगातून वर येऊ नये म्हणून त्या गाठीवरही तीच लावायची जुनी पद्धत आहे. हा थर डागाला आणि रंगातल्या पाण्याला एकमेकांना भेटू देत नाही. भिंतीत मुरलेला धुराचा, सांडपाण्याचा उरलासुरला वासही त्याखाली दबतो.

पण, आणि हा पण फार मोठा आहे, हा थर शेवटची पायरी आहे. ओल्या भिंतीवर तो मारला तर आतलं पाणी अडकतं, क्षार मागून ढकलतात आणि सगळा थर रंगासकट सुटून येतो. शाळेतल्या ऑइलपेंटच्या पट्ट्याला फुगे येतात ते याच कारणानं. मुलांचे हात लागून भिंत मळू नये म्हणून तो पट्टा मारायचा, हा विचार ठीक. पण पाण्यात भिजलेल्या विटांच्या भिंतीवर तो मारणं म्हणजे ओल्या माणसाला रेनकोट घालण्यासारखं आहे.

कामाचा क्रम सोपा आहे. आधी पाणी येण्याचं कारण बंद करायचं: गळती, फुटका पाइप, भिंतीला लागून तुंबणारं पाणी. मग सुटलेला रंग आणि कुजलेला गिलावा काढायचा, गाळ धुवायचा, बुरशी घासायची, लोणा कोरड्या ब्रशानं झाडायचा. मग भिंत वाळू द्यायची. इथेच सगळे घाई करतात. जाड विटांची भिंत आठवडाभरात वाळत नाही, तिला महिने लागतात. वाळली का ते बघायला यंत्र लागत नाही. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा जाड कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव आलं, तर भिंत अजून ओली आहे. कोरडी निघाली तर डागांवर सॉल्व्हंट प्रायमर, तो पूर्ण वाळल्यावर रंग.

आता सरकारी कामात काय होतं ते बघू. अंदाजपत्रकात रंगाची बाब असते "दोन हात डिस्टेंपर, पृष्ठभाग तयार करून". मी वर जे एवढं लिहिलं, ते सगळं या "पृष्ठभाग तयार करून" तीन शब्दांत बसवलेलं असतं. मोजमाप होतं ते वरच्या रंगाचं, चौरस मीटरमध्ये. खाली काय केलं, किती दिवस वाळू दिलं, प्रायमर मारला की नुसता कागदावर राहिला, हे रंग चढल्यावर कुणालाच दिसत नाही. त्यात टेंडर बिलो गेलेलं. बिलो गेलेला माणूस पैसे कुठे वाचवणार? जिथे दिसत नाही तिथेच.

अभियंत्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात, निधी येतो तेव्हा तो खर्च करावाच लागतो, नाहीतर परत जातो. भिंत वाळायची वाट बघा असं लिहून कोण थांबेल? वरून पुढाऱ्यांना दिवाळीच्या आत शाळा "पूर्ववत" झालेली हवी असते. हे खरं आहे. ठेकेदाराचंही खरं आहे, की त्या दरात सगळं नीट करायला परवडत नाही. प्रत्येकाचं कारण पटण्यासारखं. फक्त या सगळ्या पटण्यासारख्या कारणांचा हिशेब शेवटी त्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्या छातीत मांडला जातो.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर, बुरशी लागलेल्या इमारतींत राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि संसर्ग जास्त होतात, दमा बळावतो, हे त्यात स्पष्ट आहे. रंगानं झाकलेली बुरशी मेलेली नसते. ओल आहे तोवर ती वाढते, आधी वासातून कळते आणि मग दिसते.

रंगाऱ्याचंही कुणी बघत नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर आजही शाळांच्या भिंतींवर आहेत. ते कोरडेच घासले की धूळ रंगाऱ्याच्या नाकात जाते आणि बाकांवर बसते. ओलं करून घासा, तोंडाला मास्क द्या, मुलं वर्गात असताना घासू नका. एवढं तरी?

माझं म्हणणं चार मुद्द्यांत:

१. पूरपट्ट्यातल्या इमारतींसाठी भिंत साफ करणं, वाळवणं, डागांवर प्रायमर आणि वरचा रंग या वेगवेगळ्या बाबी धरा, वेगवेगळ्या मोजा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो मोजमाप पुस्तिकेला जोडा.

२. पुरानंतर लगेच फक्त स्वच्छता आणि जंतुनाशन करा. रंग फेब्रुवारी ते मे. तोवर निधी परत जाणार नाही, अशी तरतूद लोकप्रतिनिधींनी मागून घ्यावी. उद्घाटनाच्या फिती कापायला उन्हाळ्यातही बंदी नाही.

३. खालच्या चार फुटांत ऑइलपेंटचा हट्ट सोडा. दर काही वर्षांनी जिथे पाणी येणारच आहे, तिथे चुन्यासारखा श्वास घेणारा लेप बरा. चुना आतली ओल बाहेर जाऊ देतो, बुरशीलाही मानवत नाही, आणि पूर आला तर पुन्हा स्वस्तात मारता येतो. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती अशाच टिकल्या.

४. दोष दायित्व कालावधीत डाग वर आला किंवा रंग सुटला, तर ठेकेदाराकडून दुरुस्त करून घ्या. करारात ते कलम असतं, वापरत कुणी नाही.

शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना खास सांगणं. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सह्या करायच्या आधी अंदाजपत्रक वाचायला मागा. प्रायमर लिहिलाय का, कुठल्या भिंतीवर, एवढंच विचारा. दिलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडायला जाऊ नका, कागद मागायला जा. कागद मागितला की काम आपोआप सुधारतं.

दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोडकडच्या मंडळींना घरासाठी दोन शब्द. दिवाळीला रंग हवाच म्हणून ओल्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट मारू नका. त्या वर्षी चुना मारा, खरा रंग उन्हाळ्यात. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, मागे गाळ राहिला तर वास जाणार नाही, कितीही भारी रंग आणा. ब्लीचिंगचं पाणी आणि संडास धुवायचं अॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. सॉल्व्हंट प्रायमर किंवा स्पिरिटमधला थर मारताना खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस, शेगडी, देव्हाऱ्यातला दिवा बंद ठेवा, कारण त्याची वाफ पेट घेते. आणि भाड्यानं घर घेणाऱ्यांनो, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर ताज्या रंगाचं घर दाखवलं तर आधी कोपऱ्यात हात लावून बघा. भिंत गार लागली तर पागडी-डिपॉझिट बोलायच्या आधी मालकांना ओलीबद्दल विचारा.

नदी पुन्हा येणार आहे. कधी, किती, ते पाऊस आणि धरणं ठरवतील. पण पाणी गेल्यावर भिंतीचं काय करायचं हे तर आपल्या हातात आहे ना? दर पुरानंतर त्याच रेघेवर तोच रंग मारायला आपण पैसे देतोय.

तुमच्या भागातल्या शाळेत, अंगणवाडीत असं रंगकाम झालं असेल, तर भिंतीचा फोटो आणि काम झाल्याचं वर्ष कमेंटमध्ये टाका. मुलांचे चेहरे आणि कुणा शिक्षकांचं नाव नको, त्यांची चूक नाही. शाळा उघडायच्या आधी यादी करून निवेदन देऊ. ज्यांना बरोबर यायचं आहे त्यांनी नुसतं "येतो" लिहा.