‘परवडत नाही’ ही सबब

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या राज्यघटनेने अकरा भाषांना राजभाषेचा मान दिला. २०२३ मध्ये खुणांची भाषा बारावी झाली. तरी सरकारदरबारचा बहुतेक कागद निघतो इंग्रजीतच. अनुवाद मागितला की उत्तरे ठरलेली: इंग्रजी सगळ्यांना कळते, आफ्रिकी भाषांत कायद्याची परिभाषा नाही आणि खर्च झेपत नाही.

२०२२च्या जनगणनेत घरी इंग्रजी बोलणारे ८.७ टक्के आहेत, झुलू बोलणारे २४.४ टक्के. कामापुरते इंग्रजी पुष्कळांना येते, हे खरे. पण दुकानात भाव विचारण्याइतके इंग्रजी आरोपपत्र वाचायला पुरत नाही.

परिभाषेचा आक्षेप तर इतिहासच खोडून काढतो. डचमधून निघालेली आफ्रिकान्स भाषा १९२५ मध्ये राजभाषा झाली, तेव्हा तिच्याकडे तरी तयार परिभाषा कुठे होती? सरकारने ती कचेरीत, कोर्टात, विद्यापीठात वापरली, तिच्यावर पैसा खर्च केला, आणि परिभाषा घडत गेली. मराठीचे शासनव्यवहार कोशही महाराष्ट्र राज्य झाल्यावरच निघाले. मग खोसा आणि सोथो या भाषांनीच आधी पात्रता सिद्ध करावी, हा कुठला न्याय?

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. पण प्रत्येक कागद सगळ्या राजभाषांत काढा, असे घटना म्हणतच नाही. केंद्र आणि प्रांत सरकारांनी किमान दोन राजभाषा वापराव्यात, एवढेच ती सांगते. सर्व कायद्यांचा सर्व भाषांत अनुवाद बंधनकारक नाही, असा निकाल सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. तो मला मान्य आहे. मात्र त्याच्या आडून माणसाच्या स्वातंत्र्याशी बांधलेला कागद टाळता येणार नाही.

ईस्टर्न केपमध्ये बहुसंख्यांची भाषा खोसा. तिथला आरोपी खोसात साक्ष देतो, दुभाषा ती इंग्रजीत सांगतो आणि लेखी नोंदीत उतरते ते दुभाष्याचे इंग्रजी. अपिलात न्यायाधीश तेच वाचतात. दुभाषा एका शब्दाला चुकला, तर ती चूक आरोपीच्या नावावर जमा होते. २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयांच्या नोंदीची भाषा केवळ इंग्रजी ठरली, तेव्हा हा धोका पक्का झाला.

म्हणून सुरुवात इथूनच व्हावी. आरोपपत्र, जबाब, जप्तीची नोटीस, शस्त्रक्रियेचे संमतिपत्र हे कागद आधी प्रांतातल्या लोकांच्या भाषेत यावेत. साक्षीची मूळ भाषेतली नोंद इंग्रजीच्या बरोबरीने जपावी. आणि नोटीस न कळणाऱ्या भाषेत दिली असेल, तर तिची मुदत सुरू झाली असे कोणत्याही कोर्टाने धरू नये.